‘किती नॅनोमीटर?’ एवढंच विचारून संगणक घेऊ नका



परवा आमच्या शाळेच्या पालक सभेत एकच विषय होता. लोकवर्गणीतून जमलेल्या पैशांत मुलांसाठी सहा संगणक घ्यायचे, तर कोणते घ्यायचे? दोन दुकानदारांची कोटेशन समोर होती. एकात इंटेलचा प्रोसेसर होता, दुसऱ्यात एएमडीचा. किंमत जवळपास सारखीच. एक पालक म्हणाले, “मॅडम, हा दहा नॅनोमीटरचा आहे आणि तो सातचा. सातवालाच घ्या, लाईट कमी खातो.” दुसरे म्हणाले, “अहो, नाव इंटेलचंच मोठं. बाकी सगळं सांगायच्या गोष्टी.” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खरं सांगते, त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण हा प्रश्न आमच्यासाठी हौसेचा नाही. काही वर्षांपूर्वी शाळेला पाच जुने संगणक भेट मिळाले होते. सगळे एकदम सुरू केले की इन्व्हर्टर शिट्टी मारायचा, आणि वीज गेली की दहा मिनिटांत सगळं बंद. पुढे बिलाची चर्चा सुरू झाली आणि ते संगणक कापडाखाली गेले. मुलांच्या वाट्याला फक्त ते झाकलेलं टेबल आलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो आपल्यासमोर मांडते आहे.

माझं मत आधीच सांगते. प्रोसेसर किती नॅनोमीटरचा आहे यावरून तो वीज किती खाईल हे ठरवता येत नाही. शाळेने आणि पालकांनी नॅनोमीटर नाही, वॉट विचारायला हवेत, आणि जमलं तर स्वतः मोजायला हवेत.

आधी नॅनोमीटर म्हणजे काय ते पाहू

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर घडवलेले कोट्यवधी सूक्ष्म स्विच. या स्विचला ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ मध्ये इंटेलने ‘४००४’ हा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो १० मायक्रोमीटरच्या, म्हणजे १०,००० नॅनोमीटरच्या प्रक्रियेने बनला होता. २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या एम१ चिपमध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि तिची प्रक्रिया ५ नॅनोमीटरची म्हणवली जाते.

स्विच लहान केल्याने विजेचं काय होतं? स्विच चालू-बंद करताना प्रत्येक वेळी त्यात थोडा विद्युतभार भरावा आणि काढावा लागतो. पाण्याच्या भांड्यासारखंच समजा. भांडं लहान असेल तर भरायला पाणी कमी लागतं. ढोबळ सूत्र असं आहे:

वीजवापर = भांड्याचा आकार × व्होल्टेज × व्होल्टेज × दर सेकंदाला किती वेळा

यात व्होल्टेज दोनदा आलं आहे, हे लक्षात घ्या. व्होल्टेज निम्मं केलं तर वीज निम्मी नाही, पाव लागते. उलट एक व्होल्टऐवजी १.३ व्होल्ट दिले तर वीज जवळपास १.७ पट लागते. स्विच लहान झाले की भांडं लहान होतं आणि व्होल्टेजही कमी करता येतं. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे गणित मांडलं. पुढची जवळपास तीस वर्षं संगणक उद्योग त्या गणितावर चालला. दर पिढीला स्विच लहान व्हायचे, गती वाढायची आणि तेवढ्या जागेतला वीजवापर फारसा वाढत नसे.

म्हणजे आमच्या सभेतल्या त्या पालकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. “लहान म्हणजे कमी वीज” हा नियम एके काळी बराचसा खरा होता. तो बिघडला कुठे, ते आता पाहू.

२००४ साली काय झालं?

त्या काळी इंटेलचा पेंटियम ४ आणि एएमडीचा अॅथलॉन ६४ यांची जोरात स्पर्धा होती. पेंटियम ४ आधी १३० नॅनोमीटरवर बनत होता. ३.४ गिगाहर्ट्झच्या त्या प्रोसेसरचा जाहीर औष्णिक आकडा ८९ वॉट होता. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलने ९० नॅनोमीटरचा नवा पेंटियम ४ आणला. त्याचं अंतर्गत नाव प्रेस्कॉट. स्विच लहान झाले, म्हणजे वीज कमी लागायला हवी होती. पण ३.४ गिगाहर्ट्झलाच त्याचा आकडा १०३ वॉट झाला. पुढे ३.८ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तो ११५ वॉटवर गेला.

असं का झालं? दोन कारणं ठळक होती. पहिलं, ट्रान्झिस्टर साडेपाच कोटींवरून साडेबारा कोटी झाले. कामाचे टप्पेही २० वरून ३१ केले होते, कारण गिगाहर्ट्झचा आकडा पुढे न्यायचा होता. दुसरं कारण गळती. स्विच इतके पातळ झाले की बंद असतानाही त्यातून वीज झिरपायला लागली. नळ घट्ट बंद केला तरी थेंब थेंब पाणी जावं, तसंच. आणि असे नळ कोट्यवधी!

आता त्याच वर्षी एएमडीकडे बघा. त्यांनीही अॅथलॉन ६४ हा १३० वरून ९० नॅनोमीटरवर आणला. त्यांचा आकडा मात्र ८९ वॉटवरून ६७ वॉटवर आला. दोघांकडे ‘९०’च होतं, पण एका घरी वीजवापर वाढला आणि दुसऱ्या घरी कमी झाला.

इंटेलने त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि त्या मालिकेचा पुढचा आराखडाही सोडून दिला. २००६ मध्ये त्यांनी कोअर २ ड्युओ आणला. तो ६५ नॅनोमीटरचा होता आणि त्याच्या बहुतेक मॉडेलांचा आकडा ६५ वॉट होता. त्याच वर्षी इंटेलचाच ६५ नॅनोमीटरचा पेंटियम डी दुकानात होता. त्याचा आकडा मॉडेलनुसार ९५ ते १३० वॉट! कंपनी तीच, प्रक्रिया तीच, वर्ष तेच. फरक आराखड्याचा होता. आणि कमी वीज घेणारा कोअर २ ड्युओ कामातही पुढे होता.

हे माझ्यासारख्या शिक्षिकेला लगेच पटतं. एकच पुस्तक, एकाच मापाची वर्गखोली, तरी दोन वर्ग सारखे चालत नाहीत. तासाचं नियोजन कसं केलं आहे त्यावर सगळं असतं.

‘दहा’ आणि ‘सात’मधला फरक तीनचा नाही

आता सभेतल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एक दहाचा, दुसरा सातचा. आपण मुलांना शिकवतो की संख्या मापाची असेल तर ‘कशाचं माप?’ हे आधी विचारायचं. इथेही तेच विचारू. सात नॅनोमीटर म्हणजे नेमकं कशाची लांबी?

पूर्वी हा आकडा ट्रान्झिस्टरच्या एका भागाच्या खऱ्या लांबीच्या जवळ असायचा. आता तसं राहिलेलं नाही. आज ते पिढीचं नाव आहे, इयत्तेच्या तुकडीसारखं. तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेत सगळ्यात दाट तारांमधलं अंतर ४० नॅनोमीटर आहे. इंटेलच्या १० नॅनोमीटर प्रक्रियेत ते ३६ आहे. म्हणजे या एका मापात ‘दहावाला’च जास्त बारीक निघाला! ट्रान्झिस्टरची दाटी बघितली तर इंटेलच्या दहामध्ये एका चौरस मिलिमीटरला सुमारे १० कोटी आणि टीएसएमसीच्या सातमध्ये सुमारे ९ कोटी, असे आकडे दिले जातात. थोडक्यात, दोघं एकाच इयत्तेत आहेत.

मग इंटेलने काय केलं? जुलै २०२१ मध्ये नावंच बदलली. जी प्रक्रिया सुधारित १० नॅनोमीटर म्हणून ओळखली जात होती, तिचं नाव ‘इंटेल ७’ ठेवलं. नावात नॅनोमीटर हा शब्दच नाही, नुसता सात. यात फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. समोरच्याच्या मोजणीशी आपली मोजणी जुळवली एवढंच. पण दुकानात ‘दहाचा’ आणि ‘सातचा’ म्हणून जी तुलना होते ती किती पोकळ आहे, हे यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट. आपण ‘इंटेल की एएमडी’ म्हणतो तेव्हा दोघांचे आपापले कारखाने आहेत असं समजून चालतो. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळ्या कंपनीकडे दिले. २०१९ पासून त्यांच्या प्रोसेसरचा मुख्य भाग टीएसएमसी बनवते. इतकंच नाही, २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतल्या काही प्रोसेसरचा मुख्य भागही टीएसएमसीच्याच ३ नॅनोमीटर प्रक्रियेने बनतो. म्हणजे ब्रँडच्या नावावरूनही कारखाना आणि प्रक्रिया कळत नाही.

वाचलेली वीज जाते कुठे?

तुम्ही म्हणाल, मग नवीन प्रक्रियेचा काहीच उपयोग नाही का? तसं नाही, उपयोग नक्की आहे. २०१८-१९ ची तुलना घ्या. इंटेलचा आय९-९९००के हा १४ नॅनोमीटरचा, आठ गाभ्यांचा, जाहीर आकडा ९५ वॉट. एएमडीचा रायझन ७ ३७००एक्स हा ७ नॅनोमीटरचा, तोही आठ गाभ्यांचा, जाहीर आकडा ६५ वॉट. पूर्ण ताकदीने चालवल्यावर दोन्ही आपल्या जाहीर आकड्याच्या वर जातात, पण इंटेलचा कितीतरी जास्त वर जातो. तिथे नव्या प्रक्रियेचा फायदा उघड दिसला.

पण नवी प्रक्रिया बचत आपल्या हातात देईलच असं नाही. टीएसएमसीने ५ नॅनोमीटरबद्दल सांगताना ७ च्या तुलनेत दोन गोष्टी सांगितल्या होत्या: तेवढ्याच विजेत सुमारे १५ टक्के जास्त गती, किंवा तेवढ्याच गतीला सुमारे ३० टक्के कमी वीज. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे हा ‘किंवा’.

पगारवाढ झाली की काही जण बँकेत टाकतात, काही जण मोठी गाडी घेतात. प्रोसेसर कंपन्याही तेच करतात. ॲपलने एम१ बनवताना बरीचशी बचत केली. त्यामुळे त्यांचा एक लॅपटॉप पंख्याशिवाय चालतो. एएमडीने २०२२ मध्ये डेस्कटॉपसाठी गाडी घेतली. त्यांचा आधीचा सोळा गाभ्यांचा रायझन ९ ५९५०एक्स ७ नॅनोमीटरचा आणि १०५ वॉटचा होता. नंतरचा, सोळाच गाभ्यांचा रायझन ९ ७९५०एक्स ५ नॅनोमीटरचा, पण १७० वॉटचा! काम जास्त वेगाने करतो, यात शंका नाही. पण ‘पाच म्हणजे सातपेक्षा कमी वीज’ म्हणून जो घेईल, त्याचं बिल त्याला वेगळंच सांगेल.

गंमत म्हणजे याच प्रोसेसरला कमी विजेवर चालवायची सोयही दिली आहे. वॉट बरेच कमी केले तरी काम त्या प्रमाणात घटत नाही. शेवटची थोडीशी गती मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि व्होल्टेज दोनदा गुणलं जातं, हे आपण वर पाहिलंच.

डब्यावरचे वॉटही जपून वाचा

डब्यावर ‘६५ वॉट’, ‘१२५ वॉट’ असं लिहिलेलं असतं त्याला टीडीपी म्हणतात. हा आकडा मुळात किती उष्णता बाहेर काढायची तयारी ठेवावी, यासाठी असतो. तो विजेच्या बिलाचा आकडा नाही. शिवाय तो काढायची इंटेलची आणि एएमडीची पद्धत वेगवेगळी आहे. इंटेल तो मूळ गतीला धरून द्यायचं, तर एएमडीचं सूत्र तापमान आणि थंड करणाऱ्या यंत्रणेवर आधारलेलं आहे. दोन शाळांनी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर परीक्षा घ्यावी आणि आपण टक्के शेजारी ठेवून तुलना करावी, तसलाच हा प्रकार.

अलीकडे इंटेल दोन आकडे देतं, हे चांगलं झालं. आय९-१३९००के चा मूळ आकडा १२५ वॉट आणि कमाल आकडा २५३ वॉट. एएमडीच्या ७९५०एक्स चा टीडीपी १७० असला तरी प्रोसेसरला जास्तीत जास्त २३० वॉटपर्यंत वीज घेऊ दिली जाते. दुकानदाराने पहिला आकडा सांगितला तर दुसरा आपण विचारायचा.

आणि आता माझ्या मुद्द्याचा सर्वांत साधा पुरावा. २०२३ मध्ये इंटेलने एन१०० नावाचा छोटा प्रोसेसर आणला. त्याची प्रक्रिया ‘इंटेल ७’, म्हणजे २५३ वॉटपर्यंत जाणाऱ्या त्या आय९ चीच. एन१०० चा टीडीपी ६ वॉट आहे. नाव एकाच प्रक्रियेचं. एकीकडे ६ आणि दुसरीकडे २५३. कामाची ताकदही अर्थात सारखी नाही. पण आता सांगा, नुसतं ‘इंटेल ७’ किंवा ‘सातवाला’ एवढं ऐकून आपल्याला विजेबद्दल काय कळलं? काहीच नाही.

शाळेचं गणित

आता आपल्या उपयोगाचं गणित करू. १,००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. समजा पूर्ण संगणक मॉनिटरसह सरासरी १२० वॉट घेतो. असे सहा संगणक, रोज चार तास, वर्षाला २०० दिवस.

- ६ × १२० × ४ = २,८८० वॉट-तास, म्हणजे रोज २.८८ युनिट. वर्षाला ५७६ युनिट.
- तोच संगणक ३० वॉटचा असेल तर ६ × ३० × ४ = ७२० वॉट-तास, रोज ०.७२ युनिट. वर्षाला १४४ युनिट.

फरक ४३२ युनिटचा. आपल्या बिलावरचा दर लावून रुपये काढा.

पण माझ्या मते बिलापेक्षा मोठा मुद्दा इन्व्हर्टरचा आहे. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास असतात. ७२० वॉटचा भार टाकला तर कागदावर अडीच तास, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. आणि छोटा घरगुती इन्व्हर्टर एवढा भार उचलेलच असंही नाही. १८० वॉटचा भार असेल तर कागदावर दहा तास. प्रत्यक्षात निम्मे धरले तरी शाळेचा दिवस जवळपास निघतो. वीज गेल्यावर मुलांचा तास चालू राहतो की पुन्हा कापड टाकावं लागतं, हे या फरकावर ठरतं. ज्यांच्या शाळेत सौर पॅनेल आहेत त्यांनाही हेच गणित लागू आहे.

वर्गात करता येईल असा उपक्रम

शाळेच्या किंवा घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा अर्थ, दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. (आपल्या मीटरवर १६०० किंवा ६४०० असू शकतं. जे असेल ते घ्या.)

१. बाकी सगळे दिवे, पंखे, उपकरणं बंद करा. फक्त एक संगणक चालू ठेवा.
२. एका लुकलुकीपासून पुढच्या लुकलुकीपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजा. तीन-चार वेळा मोजून सरासरी काढा.
३. ३,२०० च्या मीटरला एक लुकलुक म्हणजे १,१२५ ज्यूल. म्हणून १,१२५ ला सेकंदांनी भागा. उत्तर वॉटमध्ये येईल.

उदाहरणार्थ, ११ सेकंद लागले तर साधारण १०२ वॉट. ३७ सेकंद लागले तर साधारण ३० वॉट. आधी संगणक नुसता चालू ठेवून मोजा, मग व्हिडिओ लावून मोजा. मुलांना भागाकार, सरासरी आणि एकक हे तिन्ही घटक एकाच तासात मिळतात. मीटरला हात लावायचा नाही, लांबून बघायचं, आणि मोठ्यांनी सोबत असायचं, ही अट मात्र पक्की. शाळेत हे जमत नसेल तर सॉकेटमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर मिळतं. केंद्रातल्या शाळांनी मिळून एक घेतलं तरी पुरे.

काही शंका

“कमी वॉटचा घेतला आणि तो रडत चालला तर?” शंका रास्त आहे. वॉट म्हणजे दर सेकंदाचा खर्च. एकूण खर्चात वेळही धरावा लागतो. एक प्रोसेसर १०० वॉट घेऊन १० सेकंदांत काम संपवतो, म्हणजे १,००० ज्यूल. दुसरा ५० वॉट घेतो पण ३० सेकंद लावतो, म्हणजे १,५०० ज्यूल. इथे ‘कमी वॉटवाला’च महाग पडला. व्हिडिओ संपादन, मोठं डिझाईन असलं काम ज्यांच्या घरी रोज होतं, त्यांनी ताकदवान प्रोसेसर जरूर घ्यावा. पण प्राथमिक शाळेत काय चालतं? मराठी टायपिंग, चित्रं रंगवणं, दीक्षावरचे व्हिडिओ, थोडं स्क्रॅच. बराच वेळ तर मूल विचार करत बसलेलं असतं आणि प्रोसेसर रिकामा असतो. म्हणून आपल्यासाठी रिकाम्या अवस्थेतला वीजवापर जास्त महत्त्वाचा, आणि तो जाहिरातीत कुठेच छापलेला नसतो. मोजूनच बघावा लागतो. रॅम आणि एसएसडी पुरेशी असेल तर अशा कामाला साधा प्रोसेसर रडत नाही.

“मग नवीन-जुनं बघायचंच नाही का?” बघायचं. दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानू नका, आधी त्याचे वॉट मोजा. माझं म्हणणं एवढंच की नॅनोमीटर हे कारण आहे आणि वॉट हा परिणाम. परिणाम मोजता येत असताना कारणावरून अंदाज का बांधायचा? मूल वाचू शकतं का हे आपण त्याला पुस्तक देऊन बघतो, त्याची बॅग कोणत्या कंपनीची आहे ते बघून नाही.

मी दुकानदाराला काय विचारणार आहे

- पूर्ण संगणक, मॉनिटरसह, रिकामा असताना किती वॉट घेतो?
- व्हिडिओ चालू असताना किती घेतो?
- प्रोसेसरचा कमाल वीजवापर किती? (टीडीपी सांगितला तर पुन्हा विचारायचं.)
- एक संगणक आधी शाळेत लावून मोजू द्याल का?

शेवटच्या प्रश्नाला जो ‘हो’ म्हणेल त्याच्याकडून घ्यायचं, असं आम्ही पुढच्या सभेत ठरवलं आहे. मग त्यावर इंटेल लिहिलेलं असो की एएमडी, दहा असो की सात. दोन्ही पालकांना हे पटलं. त्यातल्या एकांनी स्वतःचं वॉटमीटर आणून द्यायचं कबूलही केलं आहे.

पालकहो, आपल्या घरीही संगणक किंवा लॅपटॉप घेताना हे जरूर करून बघा, आणि मुलांना सोबत न्या. समोरचा मोठा आकडा सांगतो तेव्हा “हे कशाचं माप?” असं विचारायची सवय मुलांना लागली, तर ती त्या संगणकापेक्षा जास्त दिवस उपयोगी पडेल.

आणि आमच्या शाळेत यंदा टेबलावर कापड दिसू नये, एवढीच इच्छा आहे.